डिजी-एससीआर: एल.एल.एम.च्या पहिल्या सत्रात वापरलेली मोफत निकाल-सेवा

सर्वोच्च न्यायालयाची ‘डिजी-एससीआर’ ही निकालांची सेवा मी एल.एल.एम.च्या पहिल्या सत्रात जवळजवळ रोज वापरली. हे परीक्षण मुरलेल्या वकिलासाठी लिहिलेले नाही. मुरलेल्या वकिलाला सायटेशन, म्हणजे निकालाचा वर्ष-खंड-पानाचा संदर्भ, तोंडपाठ असते, त्याला केवळ ते पान हवे असते. परंतु कोणता निकाल शोधायचा, सापडल्यावर त्यातले काय वाचायचे आणि वाचलेल्यातले बंधनकारक काय मानायचे, हेच ज्याला अद्याप शिकायचे आहे, अशा नव्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला ही सेवा कितपत उपयोगी पडते, एवढाच प्रश्न मी येथे घेतला आहे.

मी मूळची परभणी जिल्ह्यातली. एल.एल.बी.ची उत्तरे मराठीतून लिहिली, दोन वर्षे जिल्हा न्यायालयात ज्यूनियर म्हणून काम केले आणि मग एल.एल.एम.साठी छत्रपती संभाजीनगरला आले. ज्या वकील सरांकडे मी ज्यूनियर होते त्यांच्या कार्यालयात ए.आय.आर., म्हणजे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ या निकालप्रकाशनाचे, बांधीव खंड भिंतभर लावलेले होते, पण वर्गणी परवडेनाशी झाल्यापासून नवे खंड येणे बंद झाले होते. त्यानंतरचा निकाल हवा असला की कोणाकडे तरी सशुल्क डेटाबेसचा पासवर्ड मागावा लागे, आणि तो मागताना वाटणारी भीड मला अजून आठवते. त्यामुळे या सेवेविषयी मी सर्वांत आधी सांगेन ती गोष्ट हीच, की तिला पैसे लागत नाहीत आणि कोणाचे उपकारही घ्यावे लागत नाहीत.

‘सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स’ म्हणजे एससीआर हे सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकालप्रकाशन आहे. जानेवारी २०२३ मध्ये त्याची ‘ई-एससीआर’ ही पहिली ऑनलाइन आवृत्ती आली. जानेवारी २०२४ मध्ये, न्यायालयाच्या पंचाहत्तराव्या वर्षाच्या कार्यक्रमात, ‘डिजी-एससीआर’ खुले झाले, तेव्हा १९५० पासूनचे ५१९ खंड आणि त्यांतील ३६,३०८ प्रकरणे सर्वांसाठी उपलब्ध झाली. हिंगोलीच्या किंवा धाराशिवच्या विद्यार्थ्याला जे पान मोबाइलवर दिसते, तेच पान दिल्लीतल्या ज्येष्ठ विधिज्ञाला दिसते. ज्यांनी एका निकालाच्या झेरॉक्ससाठी बसने दुसऱ्या जिल्ह्यात हेलपाटा घातला आहे, त्यांना या वाक्याचे वजन वेगळे सांगावे लागणार नाही.

शोधाची सोय चांगली आहे. मुक्त शब्दांनी शोधता येते, आलेल्या निकालांत पुन्हा शोधता येते, न्यायाधीशांच्या नावाने, वर्ष आणि खंडाने, तसेच पीठातील न्यायाधीशांच्या संख्येनेही गाळणी लावता येते. यांतली शेवटची गाळणी नव्या विद्यार्थ्याने आवर्जून वापरावी असे माझे मत आहे. सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे, हे आपण पदवीला पाठ करतो. पण त्याच न्यायालयाचे दोन निकाल परस्परविरोधी दिसू लागले की तीन न्यायाधीशांचे पीठ कोणते आणि पाचांचे कोणते, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि हा प्रश्न विचारण्याची सवय मला या गाळणीने लावली.

पहिल्या आठवड्यात आमच्या मॅडमनी वर्गाला एक साधे काम दिले होते. औरंगाबाद खंडपीठ कायद्याच्या कोणत्या आधारावर उभे राहिले, हे मूळ निकालातून शोधून दोन पानांत लिहायचे. ज्या इमारतीसमोरून मी कितीदा गेले होते, तिच्या स्थापनेलाच न्यायालयात आव्हान दिले गेले होते, हे मला तोवर माहीत नव्हते. महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक हा तो निकाल. मी मुक्त शोधात ‘औरंगाबाद’ आणि ‘खंडपीठ’ या अर्थाचे इंग्रजी शब्द टाकले, तेव्हा औरंगाबादहून अपिलात गेलेले असंख्य निकाल समोर आले आणि हवा तो त्यांत बुडून गेला. मग मॅडमनी सांगितले, “शब्द शोधू नका, कलम शोधा.” राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ आणि त्याचे कलम ५१ असा शोध लावल्यावर यादी एकदम आटोपशीर झाली. वाद ज्या तरतुदीभोवती फिरतो तिच्यापासून सुरुवात करावी, हा संशोधनाचा पहिला धडा मला तेथे मिळाला.

तो निकाल १९८२ चा आहे, पण ए.आय.आर.मध्ये तो १९८३ च्या खंडात, सर्वोच्च न्यायालय विभागात, ४६ व्या पानापासून छापलेला आहे. सायटेशनमधले वर्ष प्रकाशनाच्या खंडाचे असते, निकालाचे असेलच असे नाही, ही क्षुल्लक वाटणारी बाब ठाऊक नसल्यामुळे वर्षाच्या गाळणीत मी कितीतरी वेळ १९८३ टाकून बसले होते.

निकाल उघडल्यावर पुढचे शिक्षण सुरू होते, आणि या सेवेची खरी किंमत मला तेथे कळली. खासगी संकेतस्थळांवर निकाल बहुधा सलग मजकूर म्हणून येतो, येथे मात्र छापील खंडाचेच पान येते, समासातल्या ‘ए’ ते ‘एच’ या अक्षरांसह. ही अक्षरे पानाचे भाग पाडतात, त्यामुळे आपण ज्या वाक्याचा आधार घेतो ते पानावर नेमके कोठे आहे हे दाखवता येते. प्रबंधात ‘अमुक निकालात न्यायालयाने म्हटले आहे’ एवढे लिहून भागत नाही. शंभर पानांच्या निकालात ते कोठे म्हटले आहे हे वाचणाऱ्याला शोधायला लावणे, हे संशोधकाने आपले काम दुसऱ्यावर ढकलणे आहे. पान आणि अक्षर टिपून ठेवायची सवय लागली की आणखी एक फायदा होतो. आपल्याला जे वाक्य निकालात आहे असे वाटत होते ते मुळात वकिलाचा युक्तिवाद होता, न्यायालयाने तो पुढच्याच पानावर फेटाळला आहे, हे वेळेत लक्षात येते. माझ्या पहिल्याच टिपणात मी ही चूक केली होती.

दुसरी गोष्ट हेडनोटची. एससीआरमध्ये प्रत्येक निकालाच्या आधी हेडनोट, म्हणजे निकालातील मुद्द्यांचा सारांश, असते. २०२४ पासूनच्या खंडांत तर विचारार्थ प्रश्न, हेडनोट, आधार घेतलेले निकाल, कायद्यांची यादी आणि कळीचे शब्द असे स्वतंत्र भाग करून दिलेले असतात. नव्या विद्यार्थ्याला ही मांडणी फार सोयीची आहे, आणि म्हणूनच ती जपून वापरायला हवी. हेडनोट संपादकांनी तयार केलेली असते आणि ती निकालाचा भाग नसते. परभणीला असताना सर म्हणायचे, “हेडनोट वाचून कोर्टात उभी राहू नकोस, समोरच्याने निकाल वाचला असेल तर तू बसशील.” एल.एल.एम.ला आल्यावर मी एक पद्धत ठरवून घेतली. आधी निकाल पूर्ण वाचायचा, तथ्ये, प्रश्न, निर्णय आणि कारणे या चार मथळ्यांखाली स्वतःच्या शब्दांत एक पान लिहायचे, आणि त्यानंतरच हेडनोट उघडायची. माझ्या पानात आणि हेडनोटमध्ये जो फरक पडे, तो माझा अभ्यासाचा विषय. काही वेळा हेडनोटने माझी चूक दाखवली. काही वेळा मला जो मुद्दा महत्त्वाचा वाटला तो हेडनोटमध्ये नव्हता, आणि तो का नसावा याचा विचार करण्यात माझी एखादी संध्याकाळ गेली. अशा संध्याकाळी मला व्याख्यानांइतक्याच मोलाच्या वाटतात.

निकालातला रेशो, म्हणजे ज्या तत्त्वावर निर्णय टेकलेला आहे ते तत्त्व, आणि ऑबिटर, म्हणजे ओघात व्यक्त झालेले मत, यांची निवड करण्यासाठी एक जुनी कसोटी आहे. एखादे विधान घ्यायचे, ते उलटे करायचे आणि विचारायचे की ते उलटे असते तर निर्णय तोच राहिला असता काय. पुराणिक प्रकरणात ही कसोटी लावून पाहावी. मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या मान्यतेने, कलम ५१ च्या पोटकलम ३ खाली, न्यायाधीशांनी औरंगाबादला बसावे असा आदेश २७ ऑगस्ट १९८१ पासून लागू केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो अवैध ठरवला, राज्य सरकार अपिलात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. १९६० च्या पुनर्रचनेनंतरही ते कलम मुंबई उच्च न्यायालयाला लागू राहिले होते, हे विधान उलटे करा, म्हणजे आदेशाचा पायाच निघून जातो आणि निर्णय बदलतो. म्हणून ते रेशोचा भाग आहे. मराठवाड्यातील लोकांची खंडपीठाची मागणी जुनी होती, हे विधान उलटे केले तरी मुख्य न्यायमूर्तींना अधिकार होता की नव्हता या प्रश्नाचे उत्तर बदलत नाही. मराठवाड्याची मुलगी म्हणून मला ते वाक्य सर्वांत जवळचे वाटले होते, आणि माझ्या टिपणात मी त्यालाच अधोरेखित केले होते. कायद्याची विचारपद्धती शिकणे म्हणजे काय, हे ती रेघ खोडताना मला समजले.

हा निकाल केवळ इतिहास नाही, हेही नोंदवले पाहिजे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले, ते याच पोटकलम ३ खाली. १९८२ चा रेशो ज्याने नीट समजून घेतला होता, त्याला त्या दिवसाची बातमी वाचताना पोटकलम २ खालचे स्थायी खंडपीठ आणि पोटकलम ३ खालची बैठक यांतला भेद कोणी समजावून सांगावा लागला नसेल.

आता सेवेच्या मर्यादांकडे वळते. एससीआरचे पान निकाल त्या वेळी जसा छापला गेला तसाच दाखवते. त्याचे पुढे काय झाले हे त्या पानावरून कळणार नाही, कारण छापील खंडाला पुढचे ठाऊक नसते. आमच्या भागात भूसंपादनाच्या मावेजाचे दावे घरोघरी आहेत, म्हणून मी निबंधाला तोच विषय घेतला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २४ च्या पोटकलम २ वर पुणे महानगरपालिका विरुद्ध हरकचंद मिसरीमल सोलंकी हा २०१४ चा तीन न्यायाधीशांचा निकाल मला सापडला. मावेजा कोषागारात जमा केला म्हणजे तो शेतकऱ्याला ‘दिला’ असे होत नाही, असे त्यात म्हटले होते. निकाल सुटसुटीत होता, शेतकऱ्याच्या बाजूचा होता, आणि मी त्यावर आठ पाने लिहून मॅडमसमोर ठेवली. त्यांनी पहिले पान पाहून एवढेच विचारले, “हा निकाल अजून उभा आहे का?”

तो उभा नव्हता. २०१८ मध्ये इंदूर विकास प्राधिकरण विरुद्ध शैलेंद्र या प्रकरणात तीन न्यायाधीशांच्याच दुसऱ्या पीठाने बहुमताने त्याला पर इन्क्युरियम, म्हणजे आवश्यक तरतुदी लक्षात न घेता दिलेला, असे म्हटले. समान संख्येच्या पीठाला असे म्हणता येते काय हा वाद निर्माण झाला, आणि अखेर ६ मार्च २०२० रोजी इंदूर विकास प्राधिकरण विरुद्ध मनोहरलाल या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१४ चा निकाल रद्दबातल ठरवला. त्या पोटकलमात ताबा घेतलेला नसेल ‘किंवा’ मावेजा दिलेला नसेल, असे शब्द आहेत. घटनापीठाने तो ‘किंवा’ ‘आणि’ या अर्थाने वाचला, त्यामुळे दोन्ही गोष्टी घडलेल्या नसतील तरच संपादन व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. एका उभयान्वयी अव्ययावर किती जमिनी अवलंबून होत्या याची कल्पना केल्यावर, कायद्याचा शब्द सावकाश वाचण्याविषयी मला कोणी वेगळे सांगण्याची गरज उरली नाही. तेव्हापासून मी कोणताही निकाल आधाराला घेण्यापूर्वी त्याच्या पक्षकारांची नावे मुक्त शोधात टाकून पुढच्या सर्व वर्षांत त्याचा उल्लेख कोठे झाला आहे ते पाहते, आणि मोठ्या पीठाचे निकाल आधी उघडते. सशुल्क डेटाबेस हे काम खुणा लावून क्षणात करून देतात. ज्यांच्या महाविद्यालयात तशी सोय आहे त्यांनी ती जरूर वापरावी, पण पहिले सत्र तरी हाताने शोधण्यात घालवावे असा माझा आग्रह आहे, कारण निकालांची साखळी हाताने जोडली की न्यायालयाने आपले मत का बदलले हेही वाचले जाते.

तिसरा अनुभव कूळकायद्याचा, आणि तो मराठवाड्याच्या विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम सांगते. महाराष्ट्रात कूळकायदा एक नाही. पश्चिम महाराष्ट्राला १९४८ चा, विदर्भाला १९५८ चा आणि आपल्याला हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९५०, जो निजामाचे राज्य विलीन झाल्यानंतरचा आहे. ‘कूळ’ आणि ‘महाराष्ट्र’ या अर्थाचे शब्द टाकून शोधले की १९४८ च्या कायद्यावरचे निकाल ढिगाने येतात, आणि ते आपल्या गावच्या सात-बाराला लावण्याचा मोह होतो. कायद्याचे पूर्ण नाव टाकून, संरक्षित कुळांना मालकी देणाऱ्या कलम ३८-ई वर शोध लावला, तर पुष्कळ निकाल तेलंगण भागातून गेलेल्या अपिलांवरचे मिळतात. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, तेव्हा तोच कायदा तीन राज्यांत गेला आणि पुढे प्रत्येक विधिमंडळाने त्यात आपापल्या दुरुस्त्या केल्या. म्हणून तेलंगणच्या जमिनीवरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्याकडे लागू होतो काय, याचे उत्तर देण्याआधी दोन्हीकडचा कलमाचा मजकूर शेजारी ठेवून शब्दाशब्दाने ताडून पाहावा लागतो. शब्द सारखे असतील तर आधार पक्का, आणि वेगळे असतील तर तो फरक प्रश्नाला स्पर्श करतो काय हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपली. ही सेवा निकाल देते, कलमाचा आजचा मजकूर देत नाही, ही उणीव येथे जाणवते. दुरुस्त्या राज्याच्या अधिकृत संहितेतूनच पाहाव्या लागतात.

मराठी अनुवादांविषयी मला विशेष आस्था आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून ‘सुवास’ ही यांत्रिक अनुवादाची प्रणाली वापरात आणली, आणि निवडक निकालांचे अनुवाद मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध होऊ लागले. माझ्यासारखी, जी इंग्रजी निकालाचे दुसरे पान येईपर्यंत पहिले विसरत असे, तिला तथ्ये आणि घटनाक्रम समजून घेण्यासाठी या अनुवादांचा मोठा आधार झाला. मात्र अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे, अधिकृत पाठ इंग्रजीच मानला जातो, आणि रेशो शोधताना शब्दाची छटा महत्त्वाची असते. मी तथ्ये मराठीत वाचून कारणमीमांसा इंग्रजीत वाचू लागले, आणि दोन महिन्यांनी मराठी पाठाची गरज आपोआप कमी झाली. ज्यांनी पदवी मराठीतून केली आहे त्यांनी संकोच न बाळगता हा मार्ग घ्यावा.

‘२०२३ आयएनएससी’ आणि पुढे क्रमांक, अशा स्वरूपाचे तटस्थ सायटेशनही आता निकालांवर असते. कोणत्याही प्रकाशकावर ते अवलंबून नसल्याने तळटिपेत ते द्यावे आणि जोडीला एससीआरचे पान द्यावे.

एकंदरीत, पहिल्या सत्रातील एल.एल.एम. विद्यार्थ्याने अन्य कोठेही पैसे भरण्यापूर्वी ही सेवा वापरावी असे मी निःसंकोचपणे सांगेन. मोबाइलवर ती चालते, पण लांब निकाल उतरवून घेऊन मोठ्या पडद्यावर किंवा कागदावरच वाचावा. उच्च न्यायालयांचे निकाल एससीआरमध्ये नसतात; औरंगाबाद खंडपीठाच्या निकालांसाठी ई-कोर्ट्सचे निकाल-शोध संकेतस्थळ वापरावे, तेही विनामूल्य आहे. आणि १९५० ते १९५६ या काळातील हैदराबाद उच्च न्यायालयाचे निकाल, जे आपल्या कूळकायद्याच्या पहिल्या अर्थनिर्णयासाठी लागतात, ते हवे असतील तर ए.आय.आर.च्या जुन्या खंडांतला हैदराबाद विभाग पाहावा. मला ते खंड एका ग्रंथालयात अगदी खालच्या फळीवर मिळाले, आणि ग्रंथपालांनी ते बसून वाचण्यासाठी खिडकीजवळचे टेबल रिकामे करून दिले.